कॅन्सरची ट्रीटमेंट संपली, आता पुढच्या पाच वर्षांचा खर्च गावाकडून कसा भागवायचा

ऑपरेशन सरकारी योजनेत झालं, केमो योजनेत झाल्या, शेकसुद्धा (रेडिएशन) योजनेत झाला, एक रुपया लागला नाही असं सांगणारी माणसं आता गावोगावी भेटतात आणि ते खरंच आहे, दहा-पंधरा वर्षांपूर्वी अशी परिस्थिती नव्हती. पण त्याच घरात सहा महिन्यांनी जाऊन बसा, शेळ्या विकलेल्या असतात नाहीतर सोनं बँकेत ठेवलेलं असतं. कारण योजना पैसे देते ती ठरलेल्या पॅकेजला. महात्मा फुले योजनेत डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं धरलेली असतात, अकराव्या दिवसापासून जी गोळी, जी तपासणी, जो प्रवास, तो सगळा आपल्या खिशातून. आणि कॅन्सरचा फॉलोअप चालतो निदान पाच वर्षं.

म्हणून हे लिहितोय. आमच्या आत्याचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मी तिच्या फायली सांभाळतो, मग शेजारचे तोंडाच्या कॅन्सरवाले अण्णा आले, मग अजून कोण कोण आले, आता तालुक्यातलं कोणीही फोन करतं. मी डॉक्टर नाही, औषधपाण्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरचाच. मी फक्त पैसे कुठे गळतात आणि ते कसे थांबवायचे एवढंच सांगणार.

पैसा नक्की कुठे जातो ते आधी बघा. डॉक्टरची फी हा त्यातला सगळ्यात लहान आकडा आहे. मोठा आकडा म्हणजे गाडीभाडं, सोबतच्या माणसाचं भाडं, दोघांचा बुडालेला रोज, मुंबई-पुण्यातला मुक्काम आणि जेवण. त्यानंतर तपासण्या. मग रोजची गोळी. आणि शेवटी ज्या गोष्टी कोणी आधी सांगतच नाही त्या, म्हणजे शेकामुळे खराब झालेले दात, हाताची सूज, पोटावरची पिशवी, असलं सगळं.

डिस्चार्जच्या दिवशी घाई करू नका

माझ्या मते निम्मे पैसे या एका दिवशी वाचतात किंवा जातात. सगळ्यांना घरी जायची घाई असते, गाडी खाली उभी असते, आणि जे विचारायचं ते राहून जातं, मग त्या एका कागदासाठी परत अख्खा दिवस आणि दोन माणसांचं भाडं.

डिस्चार्ज समरी, बायॉप्सी किंवा ऑपरेशननंतरचा गाठीचा रिपोर्ट, किती केमो कुठल्या औषधाच्या दिल्या आणि शेक किती दिला त्याचा कागद, हे सगळं शिक्क्यासहित घ्या. स्लाइड आणि ब्लॉक (गाठीचा मेणातला तुकडा) हॉस्पिटलकडे असतो, पुढे दुसरीकडे दाखवायची वेळ आली तर तो कसा मिळेल हे आत्ताच विचारून ठेवा. मग डॉक्टरला सरळ विचारा, "साहेब, पुढच्या दोन वर्षांत मला किती वेळा यायचंय, त्यातलं कुठलं आमच्या जिल्ह्यात चालेल आणि कुठली तपासणी गावाकडून करून आणली तर चालेल?" हे लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या वेळचा रेसिडेंट डॉक्टर मानतोच असं नाही, ते दर काही महिन्यांनी बदलतात. गोळ्यांची नावं कंपनीच्या ब्रँडने न लिहिता औषधाच्या मूळ नावाने लिहून द्या म्हणावं, त्याचा उपयोग पुढे सांगतो.

केमोसाठी छातीत पोर्ट (कातडीखाली बसवतात ती औषध द्यायची डबी-नळी) बसवला असेल तर तो कधी काढायचा हेही त्याच दिवशी विचारा. पोर्ट आत असेपर्यंत ठरलेल्या मुदतीने फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन, घ्यावा लागतो, आणि नुसत्या त्या पाच मिनिटांच्या कामासाठी लोक दोनशे किलोमीटर जातात. जवळच्या केमो डे-केअरमध्ये होईल का बघा. २०२५-२६ च्या केंद्राच्या बजेटमध्ये तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे-केअर करायचं जाहीर झालंय, तेव्हा आपल्या जिल्ह्यात सुरू झालंय का ते सिव्हिलला चौकशी करत राहा.

आणि अजून एक, जे जवळपास कोणालाच माहीत नसतं. महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्ये पेशंटचं जेवण आणि घरी परत जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या सेकंड क्लासचं भाडं धरलेलं असतं. आरोग्यमित्राला (योजनेतल्या हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस) विचारा. रक्कम मोठी नसते, पण आपली आहे.

रेशनकार्ड आधी, बाकी नंतर

ट्रीटमेंट संपली म्हणून कार्डाचं काम संपलं असं नाही. गाठ परत आली, दुसरं ऑपरेशन लागलं, तर परत हेच कार्ड लागणार. ही योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये महात्मा फुले झाली, तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होते, आता आयुष्मान भारतसोबत मिळून ५ लाख आहेत आणि पिवळं, केशरी, पांढरं असा भेद राहिला नाही. म्हणजे "आमचं पांढरं कार्ड आहे, आम्हाला नाही मिळत" हे जुनं झालं. पाच लाख हे दर वर्षाला नव्याने, हेही लक्षात ठेवा.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून काढलंय आणि सासरच्या कार्डात चढवलेलं नाही. आजीचं आधारवर नाव वेगळं, कार्डावर वेगळं. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबरच नाही. आजारी माणूस हॉस्पिटलात झोपलेला आणि घरचा माणूस तहसीलच्या पुरवठा शाखेत चकरा मारतोय, हे मी बरेचदा बघितलंय. तर पेशंट बरा आहे तोवर हे उरकून घ्या, आयुष्मान कार्डाची ई-केवायसी सेवा केंद्रात करून घ्या. घरात ७० च्या वरचं कोणी असेल तर त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, त्यात उत्पन्नाची अट नाही आणि ते ५ लाख ज्येष्ठांसाठी वेगळे असतात.

योजनेतलं हॉस्पिटल पॅकेजमधल्या गोष्टीचे वर पैसे मागत असेल तर तिथे भांडत बसू नका, १५५३८८ वर किंवा १८००२३३२२०० वर तक्रार टाका आणि नंबर लिहून घ्या. पावती मागा. "पावती द्या मग देतो" एवढ्या एका वाक्याने बरेच आकडे आपोआप खाली येतात.

तपासण्या: कुठल्या गावाजवळ, आणि कुठल्या करायच्याच नाहीत

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथे केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळं मोफत आहे (मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं त्यात येत नाहीत, तो विभाग वेगळा). हे लोकांना माहीत आहे पण कॅन्सरच्या फॉलोअपशी कोणी जोडत नाही. मोठ्या हॉस्पिटलात रक्त, लिव्हर, किडनी, थायरॉइड, एक्स-रे, सोनोग्राफी या ज्या लिस्ट देतात त्यातलं बरंचसं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात निघतं. आठ-दहा दिवस आधी करून घ्या, रिपोर्ट घेऊनच निघा. फायदा दुहेरी आहे, तपासणीचे पैसे वाचतात आणि रिपोर्टसाठी शहरात जो मुक्काम पडतो तोही वाचतो. फक्त आधी विचारलेलं असू द्या की बाहेरचा रिपोर्ट चालेल का. रक्ताचा बहुतेक चालतो, सोनोग्राफीला कुठे कुठे नाही म्हणतात.

आता ज्या तपासण्या करायचीच गरज नसते त्यांचं. हे जरा नीट वाचा, इथे हजारो रुपये आहेत.

स्तनाचा कॅन्सर लवकरच्या स्टेजला सापडला, ट्रीटमेंट पूर्ण झाली, आणि बाईला काही त्रास नाही, तर जगभरच्या कॅन्सर डॉक्टरांच्या नियमाप्रमाणे पहिली तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी, चौथ्या-पाचव्या वर्षी ६ ते १२ महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा डॉक्टरने हाताने तपासायचं, विचारपूस करायची आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे). बस. दर सहा महिन्याला पेट स्कॅन (अख्ख्या अंगाचा महागडा स्कॅन), दरवेळी सीटी, दरवेळी रक्तातले ट्यूमर मार्कर, हे त्रास नसताना करायला सांगितलेलं नाही, कारण त्याने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. आत्याला एका खासगी दवाखान्यात "सेफ्टीसाठी" पेट लिहून दिला होता. मी विचारलं, "डॉक्टर, यात काही निघालं तर ट्रीटमेंट बदलणार का, आणि नाही केला तर काय बिघडेल?" त्यावर ते म्हणाले, मग राहू द्या सध्या. हा प्रश्न पाठच करून ठेवा, उद्धटपणा नाही यात. डॉक्टर म्हणाले की हो, अमुक त्रास आहे म्हणून हवाच, तर मग करायचा, तिथे मागेपुढे बघायचं नाही.

तोंडाच्या कॅन्सरला तर सगळ्यात महत्त्वाची तपासणी म्हणजे डॉक्टरने तोंडात आणि मानेला हात लावून बघणं. पहिल्या वर्षी ते एक ते तीन महिन्यांनी लागतं, कारण परत येण्याचा धोका सुरुवातीलाच जास्त, मग अंतर वाढत जातं. इथे पैसे वाचवायचे म्हणून चक्कर चुकवू नका, चक्कर जवळ आणता येते का ते बघा. मानेला शेक दिला असेल तर दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायची, थायरॉइड हळूहळू मंद होतो आणि माणूस सुस्तावतो, घरचे म्हणतात आजाराने खचला. ग्रामीण रुग्णालयातून सॅम्पल जातं का विचारा. आणि तोंड उघडायचा व्यायाम, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची, फिजिओथेरपीवाल्याकडून एकदा शिकून घेतलं की घरी फुकट होतं. अण्णांनी कंटाळा केला नाही म्हणून आज भाकरी खातात. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००११२३५६ हा सरकारी फोन आहे, फुकट, आणि हे बोलणं कडू वाटेल पण ट्रीटमेंटनंतर परत मळायला लागलेले मी बघितलेत, तिथे वरची कुठलीच बचत कामाची नाही.

जवळचं हॉस्पिटल कुठलं याची पण एकदा यादी काढा, प्रत्येक गोष्टीला टाटाच (मुंबईचं टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल) पाहिजे असं नसतं. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल १९८२ पासून आहे, देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ ला तिथूनच सुरू झाली. संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, वर्ध्याला सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटल, कोकणात डेरवणचं वालावलकर. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड म्हणून देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं आहे, त्यातली हॉस्पिटलं एकाच धर्तीच्या गाईडलाईन वापरतात. तर टाटाच्या डॉक्टरला विचारायचं, "दर वेळी इथे न येता चार फॉलोअप तिकडे आणि एक इथे असं चालेल का?" बरेच डॉक्टर हो म्हणतात, त्यांची ओपीडी आधीच तुडुंब असते. आणि नुसता रिपोर्ट दाखवून गोळी चालू ठेवू का विचारायचं असेल तर आरोग्यवर्धिनी केंद्रातून ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन डॉक्टर सेवा) फुकट बोलता येतं, गावातल्या आशाताईंना सांगा.

रोजची गोळी

स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल यातली गोळी पाच वर्षं, कोणाला दहा वर्षंसुद्धा. पैशामुळे सगळ्यात जास्त गळती इथे होते. बाई म्हणते मला काही होत नाहीये, कशाला घ्यायची, तेवढ्यात पोरीची फी भरू. आणि दिवसाआड घ्यायला लागते, कोणाला सांगत पण नाही. डबा मोजून बघत जा, रागवू नका, गोळी स्वस्त करून द्या.

स्वस्त कशी होते? चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव असलं की जनऔषधी केंद्रात जा. मोबाइलवर जनऔषधी सुगम ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकलं की किंमत दिसते आणि जवळचं केंद्र दिसतं, तालुक्याला नसलं तर जिल्ह्याला असतं. कॅन्सरच्या सगळ्या गोळ्या प्रत्येक केंद्रात ठेवलेल्या नसतात, कारण खप कमी, पण दुकानदाराला आधी नाव आणि नंबर देऊन ठेवला तर तो मागवतो. मी तीन महिन्यांची एकदम मागवतो. दुसरं, मोठ्या सरकारी हॉस्पिटलांच्या आवारात अमृत फार्मसी असते, तिथे कॅन्सरची औषधं एमआरपीच्या खूप खाली असतात. टाटासारख्या हॉस्पिटलच्या आतल्या मेडिकलमध्ये तर बाहेरच्यापेक्षा इतका फरक असतो की विचारू नका, कॅन्सर ग्रिडने एकत्र मिळून ४० औषधांची खरेदी केली तेव्हा ८० टक्क्यांच्या वर बचत झाली होती, म्हणजे छापील किमतीत किती हवा असते ते बघा. म्हणून फॉलोअपला गेलात की पुढच्या चक्करपर्यंतच्या गोळ्या तिथूनच भरून आणायच्या.

गावच्या मेडिकलवाल्याशी पण बोलून बघा, लाजू नका. कॅन्सरच्या जेनेरिक गोळ्यांवर छापील किंमत आणि खरेदी यात मोठं अंतर असतं, नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून तो कमी करतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारने कॅन्सरच्या ४२ औषधांवर दुकानदारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, काही जीवनरक्षक औषधांवर तर शून्य. जुना साठा जुन्या दराने लावतोय का ते बिलावर बघायचं. रक्ताच्या कॅन्सरची इमॅटिनिब घेणाऱ्यांना तर माहीत असेलच, १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसचं पेटंट नाकारलं म्हणून आज ती गोळी गरिबाच्या घरात आहे.

जाणं-येणं आणि राहणं

रेल्वे असेल तर रेल्वेनेच जा. कॅन्सर पेशंटला तपासणीसाठी जातानाही स्लीपर आणि थ्री टियर एसीत पूर्ण माफी आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. त्यासाठी हॉस्पिटलकडून रेल्वेच्या ठरलेल्या फॉर्मवर सही-शिक्का लागतो, आणि तिकीट काउंटरवर काढावं लागतं. हा फॉर्म पुढच्या तारखेची अपॉइंटमेंट मिळाल्या मिळाल्या तिथेच भरून घ्यायचा, गावी येऊन आठवलं तर गेली सवलत. ही सवलत नुसत्या ट्रीटमेंटपुरती नाही, पुढच्या नियमित तपासणीलाही आहे, आणि ट्रीटमेंट संपली की बहुतेक लोक मागणंच सोडून देतात.

एसटीतही कॅन्सर पेशंटला सवलत आहे, डेपोत विचारा काय कागद लागतो ते. त्याशिवाय बायकांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून आहेच, ६५ ते ७५ वयाला अर्धं, ७५ च्या पुढे फुकट. तर सोबत कोणाला न्यायचं हे ठरवताना हापण हिशोब करा, तरण्या पोराचा रोज बुडवून पूर्ण तिकीट काढण्यापेक्षा पेशंटची बहीण बरोबर गेली तर निम्म्यात होतं. आमच्याकडे आत्याबरोबर काकू जाते, दोघींचं अर्धं तिकीट आणि दोघी गप्पा मारत जातात, मी गेलो की आत्या गप्पच बसते.

मुंबईत राहायचं म्हटलं तर लॉजला जाऊ नका, परळच्या आसपास लॉजवाले पेशंट बघून भाव सांगतात. दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, लहान मुलांचा कॅन्सर असेल तर सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. जागा मिळेलच असं नाही, गर्दी असते, आणि बहुतेक ठिकाणी हॉस्पिटलच्या फाइलवर आणि सोशल वर्करच्या चिठ्ठीवर मिळतं. म्हणून हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्क विभागात आधी जा. हा विभाग बिल भरायच्या आधी गाठायचा. बिल भरल्यावर जाऊन काही होत नाही. टाटात पहिल्यांदा नाव नोंदवताना जनरल की प्रायव्हेट विचारतात, तिथे "प्रायव्हेटला लवकर नंबर लागतो" असं कोणी तरी कानात सांगतं, पण पुढची पाच वर्षं त्या दराने भरायची तयारी असेल तरच. नंतर वर्ग बदलून घेणं अवघड जातं.

तारखेचं पण सांगतो. पेरणीच्या आठवड्यात, कापूस वेचणीत, नाहीतर कारखाना सुरू होताना फॉलोअपची तारीख आली की माणूस चुकवतो आणि एकदा चुकली की वर्ष जातं. तारीख देतानाच सांगा की साहेब, मृगात जमणार नाही, मेच्या शेवटी द्या. दोन-तीन आठवडे मागेपुढे करायला सहसा अडचण नसते. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर दिवाळीच्या आधीचा फॉलोअप घ्यावा, सहा महिन्यांच्या गोळ्या सोबत न्याव्यात आणि सगळी फाइल मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावी, टोळी कुठल्या जिल्ह्यात असेल सांगता येत नाही.

रोख मदत कुठून मिळते

इथे लोक एकदम मुख्यमंत्र्यांच्या नावाने सुरुवात करतात. माझा क्रम उलटा आहे, जे जवळ आहे ते आधी.

संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवा आणि दिव्यांगांना माहीत असते, पण कॅन्सरसारख्या दुर्धर आजारामुळे स्वतःचं पोट भरू न शकणारा माणूसही यात बसतो. महिन्याला १५०० रुपये, वय ६५ च्या आत, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत. ही उत्पन्नाची अट हास्यास्पद आहे, पण आहे. अर्ज तहसीलला, सोबत सरकारी दवाखान्याचं आजाराचं सर्टिफिकेट, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला. ६५ च्या पुढे श्रावणबाळ पेन्शन योजना. बाईला लाडकी बहीणचे पैसे येत असतील तर दोन्ही मिळत नाहीत, तेव्हा अर्ज करण्याआधी तलाठ्याशी किंवा तहसीलच्या शाखेत बोलून घ्या.

जिल्हा परिषद. बऱ्याच जिल्हा परिषदा आपल्या सेस फंडातून (त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नातून) हृदय, किडनी आणि कॅन्सरच्या पेशंटला एकदा रोख मदत देतात, साधारण १५ हजारांची. तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा झेडपी मेंबरकडे विचारा, निधी वर्षाच्या सुरुवातीला असतो आणि लवकर संपतो, म्हणून एप्रिल-मेमध्येच अर्ज टाका.

दिव्यांग सर्टिफिकेट. कॅन्सर हा आजार म्हणून २०१६ च्या दिव्यांग कायद्यात नाही, पण कॅन्सरने जे गेलं ते आहे. स्वरयंत्र काढलं असेल तर कायद्याच्या यादीत वाणी दिव्यांगत्वात लॅरिंजेक्टॉमी सरळ नावाने लिहिलेलं आहे. पाय काढावा लागला असेल तर तोही बसतो. ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, ४० टक्के किंवा जास्त आलं की यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), मग एसटीची सवलत आणि पेन्शनचा मार्ग वेगळा उघडतो. अण्णांच्या ओळखीचे एक जण वर्षानुवर्षं गळ्यातल्या भोकाला रुमाल बांधून फिरत होते, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मुख्यमंत्री सहाय्यता निधी. हा ॲडमिट असताना किंवा त्याआधी, हॉस्पिटलच्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर मिळतो, पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात. एकदा बिल भरून घरी आल्यावर खर्च परत मिळत नाही. जो उपचार महात्मा फुले योजनेत बसतो त्याला आधी योजनाच वापरा म्हणतात. आता जिल्हाधिकारी कार्यालयातच कक्ष झालेत, मंत्रालयात जायची गरज नाही, आणि कुठल्या एजंटची तर अजिबात नाही. "दोन टक्के द्या, मंजूर करून आणतो" म्हणणारा माणूस फक्त अर्ज टाकतो, जो तुमचा बारावीतला पोरगा टाकू शकतो.

धर्मादाय हॉस्पिटल. शहरातली मोठमोठी काचेची हॉस्पिटलं ट्रस्टची असतात, त्यांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत, ट्रस्टच्या कायद्याचं कलम ४१ कक आणि २००६ ची हायकोर्टाची योजना. उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत ठेवा, रिसेप्शनवर नाही म्हणतील, तिथे थांबू नका, तिथल्या सोशल वर्करला भेटा आणि लेखी नकार मागा. लेखी नकार कोणी देत नाही, खाट देतात. हे परत आलेल्या कॅन्सरला किंवा ऑपरेशनला उपयोगी, साध्या फॉलोअपला फारसं नाही.

कोणी सांगत नाही ते खर्च

ज्या बाजूचं स्तनाचं ऑपरेशन झालंय त्या हाताला सूज येऊ शकते, आणि एकदा वाढली की दाबाची बाही, पट्ट्या, फिजिओथेरपी हा कायमचा खर्च. म्हणून महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपने दोन्ही हात कोपराच्या वर आणि खाली मोजा, वहीत लिहा, फरक वाढताना दिसला की लगेच दाखवा. निंदायला, कापूस वेचायला जाताना त्या हातात हातमोजा घाला, काटा लागला, जखम चिघळली तर सूज येते. ब्राच्या आत घालायला सिलिकॉनचा महागडा भाग घ्यायची सक्ती नाही, विणलेले हलके भाग काही संस्था फुकट देतात, हॉस्पिटलच्या समुपदेशक ताईंकडे माहिती असते.

पोटावर पिशवी आहे त्यांनी हॉस्पिटलच्या स्टोमा क्लिनिकला नुसतं एकदा जाऊन योग्य मापाची पिशवी कुठली आणि ती कशी लावायची हे नीट शिकून घ्यावं. चुकीच्या मापाने कातडी सोलते, पिशवी गळते, आणि आठवड्याला लागणारी पिशवी रोज लागायला लागते. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन (पोटावर पिशवी असलेल्यांची संस्था) आहे, तिथे बाहेरच्या दुकानापेक्षा स्वस्त काय मिळतं ते विचारा.

शेकानंतर तोंड कोरडं पडतं आणि दात भराभर किडतात. दात काढायची वेळ आली तर गावातल्या दातवाल्याकडे परस्पर काढू नका, शेक दिलेल्या जबड्याची जखम भरत नाही, हाड कुजतं, आणि तो खर्च सगळ्या बचतीच्या वर जातो. आधी शेक देणाऱ्या डॉक्टरला विचारायचं. सरकारी डेंटल कॉलेजला पैसे नाममात्र लागतात.

नवीन हेल्थ पॉलिसी विकायला कोणी आलं तर आधी आजार लपवू नका, लपवला तर क्लेम जातो. आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवता येतं असा २०२४ पासून नियम आहे, पण कंपनीने पॉलिसी द्यायलाच पाहिजे असा नियम नाही. हप्ता भरण्याआधी लेखी घ्या की कॅन्सर धरलाय का.

आणि या लक्षणांना तारखेची वाट बघायची नाही, पैसे उसने घ्यावे लागले तरी जायचं: नवी गाठ, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, रक्त जाणं, हाडात एकाच जागी रोज वाढत जाणारं दुखणं, विशेषतः रात्री, न थांबणारा खोकला किंवा धाप, कारण नसताना वजन उतरणं, नव्याने सुरू झालेली फीट किंवा जोराची डोकेदुखी. लेट्रोझोलवर सांधे दुखतात हे खरं, पण ते दोन्ही गुडघ्यांत, बोटांत सकाळी दुखतं, एकाच हाडात नाही. शंका आली तर फोन करून विचारा, हॉस्पिटलच्या फाइलवर ओपीडीचा नंबर असतो, लागत नाही पटकन, दुपारनंतर करून बघा.

फाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीत, गळणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा. तरी भिजलीच तर घाबरू नका, फाइल नंबर सांगितला की हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून समरी आणि रिपोर्टची दुसरी प्रत मिळते, म्हणून तो नंबर निदान दोघांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.